अर्ध्या सेकंदात वाचलेले निरोप

ही गेल्यावर महिन्याभराने साहेबांनी मला तळघरातून वर बोलावलं आणि हिच्याच खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर हिची उशी तशीच होती. मी ती काढली नाही.

आमचं ऑफिस जमिनीच्या नकाशांचं. मी आणि माझी बायको, दोघंही तिथे एकतीस वर्षं. शेवटची काही वर्षं मी तळघरात जुनी कागदी शीटं सांभाळत होतो. सुरकुत्या काढायच्या, फाटलेलं मागून चिकटवायचं, स्कॅनला द्यायचं. वरच्या हॉलमध्ये ही आणि आणखी अकरा जण त्या स्कॅनवरच्या हद्दी कॉम्प्युटरवर नव्याने काढायचे. हद्दीच्या प्रत्येक कोपऱ्यावर माऊसची एक क्लिक. एक क्लिक म्हणजे एक ठिपका. ठिपक्याला ठिपका जोडत रेघ आपोआप होते. निघाली तिथे परत येऊन मिळाली की एका माणसाची जमीन झाली. मधला एखादा ठिपका राहिला तर रेघ तो कोपरा सोडून सरळ पुढे जाते, आणि तेवढा तुकडा शेजाऱ्याच्या घशात.

पहिल्याच सकाळी मी एका कोपऱ्यावर बाण नेला, बोट दाबलं, आणि नेमकी त्याच जागी एक चौकट उगवली. माझी क्लिक तिच्यावर पडली. चौकट गेली. आत काय लिहिलं होतं ते दिसलंसुद्धा नाही.

"हे काय होतं?" मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. पाचचा ठोका पडायच्या आत त्यांची पिशवी खांद्यावर असते, म्हणून त्यांचं नाव घड्याळबाई.

"शाबास असेल," त्या मान न वळवता म्हणाल्या.

"मी अजून काहीच केलं नाही."

"खुर्चीवर बसलात ना? त्याचं शाबास. पन्नास ठिपके झाले की शाबास. शंभर झाले की मोठं शाबास. कुणाचा वाढदिवस असला की केक. जिन्यातला दिवा गेला की तेही येतं. दीड वर्ष झालं, साहेबांनी आणलंय."

"आणि हे नेमकं हाताखालीच का येतं?"

"कारण तिथेच येतं," घड्याळबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत मी ते नीट बघितलं. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी हिरवी चौकट. तिच्यात एक अंगठा. अंगठ्याला डोळे काढलेले आणि दातही. तो दात काढून हसायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, शाबास. चौकटीवर कुठेही क्लिक पडली की ती निघून जायची आणि यंत्र समजायचं की माणसाने वाचलं. त्या अंगठ्याच्या हिरड्यासुद्धा गुलाबी रंगवल्या होत्या. कुणीतरी बसून त्या रंगवल्या असतील, त्याचा पगारही घेतला असेल. माझी बायको दम लागत असताना या खुर्चीवर बसून काम करत होती आणि हे तिच्यासमोर दिवसातून चाळीस वेळा दात काढत होतं. मला जेवण गेलं नाही. डबा तसाच घरी नेला.

त्याच आठवड्यात रोपवाटिकावाली बाई आली. बुटांना चिखल, हातात आमच्याच ऑफिसने दिलेला नवा नकाशा. तो तिने खिडकीतून आत सरकवला नाही, दार ढकलून हॉलमध्येच आली.

"माझी विहीर कुठाय?" ती म्हणाली.

सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनकडे तोंडं फिरवली.

"अहो, दाखवा ना. तुम्ही नकाशे काढता, तुम्हाला दिसत असेल. मला तर रोज दिसते. परवापासून तिच्यावर कुलूपही दिसतंय. शेजारी म्हणतो, नकाशात माझी आहे. चार हजार रोपं आहेत माझी. ती काय नकाशा पितील?"

मी तळघरातून मूळ शीट आणलं. तिच्या जमिनीला एका बाजूने नाकासारखा भाग बाहेर आलेला होता आणि त्या नाकात विहीर. नव्या नकाशात नाक नव्हतं. रेघ सरळ कापून गेली होती. नाकाच्या शेंड्यावरचा एक ठिपका राहिला होता. खाली काम करणाऱ्याची खूण होती. हिची.

साहेबांनी हिची सगळी शीटं काढून तपासायला लावली. दुसऱ्या कुणाची नाही, फक्त हिची. एकोणीस ठिकाणी कोपरे राहिलेले सापडले, सगळे शेवटच्या सव्वा वर्षातले. मग त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"हे बघा, कुणाला दोष द्यायचा नाहीये," ते म्हणाले. "त्या आजारी होत्या. औषधं चालू होती. लक्ष लागत नसणार. आपण रिपोर्टमध्ये एवढंच लिहू, की कर्मचारी दीर्घ आजारी असल्यामुळे एकाग्रतेअभावी चुका झाल्या. शुक्रवारी वरून तपासणीस बाई येतायत. मूळ शीटं बरोबर होती अशी तुमची सही लागेल. तळघर तुमचं ना."

"तिच्या हातून कोपरा सुटायचा नाही, साहेब."

"एकोणीस सुटलेत."

"बाकीच्यांची शीटं बघितलीत?"

ते हसले. "कशाला गावभर खोदकाम? आणि खरं सांगू, गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो? बढती अडणार आहे की पगारवाढ?"

तो पेला त्यांच्या तोंडावर फेकावा असं मला वाटलं. पण मी पाणी प्यायलो आणि बाहेर आलो, आणि याची मला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त किळस आली. हॉलमध्ये सगळ्यांच्या माना खाली होत्या. मला कळत होतं, प्रत्येकाला आतून हायसं वाटतंय. मेलेल्या बाईच्या माथी खापर फुटलं की जिवंतांचे माठ शाबूत.

शुक्रवारला पाच दिवस होते. तोवर सही न करण्याचं कारण सापडलं नाही तर ऑफिसच्या कागदावर हिचं नाव असं राहणार होतं, की एक आजारी बाई, जिने लोकांच्या जमिनी चुकवल्या.

रविवारी सकाळी मेहुणी आली, हिचं कपाट आवरायला. मेहुणीच्या जिभेला हाड नाही, पण कामाला वाघ. तासाभरात तिने तीन गाठोडी बांधली. शेवटी हिचा राखाडी स्वेटर हातात घेऊन म्हणाली, "हा मी नेऊ, भाऊजी?"

"तो राहू दे."

"आता राहू दे. ती होती तेव्हा एकदा तरी विचारलंत का, अंगात स्वेटर आहे का म्हणून?"

"विचारलं नाही म्हणजे?"

"तुम्ही खाली, ती वर. मध्ये एक जिना. दिवसभरात एक निरोप नाही की चौकशी नाही. ताई मला फोनवर सांगायची ना. म्हणायची, ऑफिसचं दार ओलांडलं की यांना बायको आहे हे आठवत नाही. एवढी आजारी असूनसुद्धा."

"मी रोज विचारत होतो," मी म्हणालो. "रोज. गुडघ्यांमुळे जिना होत नाही, म्हणून मशीनवरून निरोप टाकायचो. ती वाचायची. माझ्या मशीनवर यायचं, वाचलं म्हणून. उत्तर तीच द्यायची नाही."

"बहीण आहे ती माझी. ती खोटं बोलायची नाही."

"मग मी बोलतोय?"

मेहुणीने स्वेटर पलंगावर टाकला. "तुमचं तुम्हाला माहीत," ती म्हणाली आणि गाठोडी उचलून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

तिला सांगितली नाही अशी एक गोष्ट होती. एकदा मी हिला निरोप टाकला होता की डॉक्टरांची वेळ साडेचारची झालीय, चारला फाटकाशी ये. माझ्या मशीनवर आलं, वाचलं. मी फाटकाशी अर्धा तास उभा. ही नाही. शेवटी जिना चढून वर गेलो तर ही आपली ठिपके टाकत बसलेली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वाचूनसुद्धा येत नाहीस?" ही म्हणाली, "काय वाचून?" मला वाटलं, सोंग करतेय. वाटेत मी जोरात बोललो. घराजवळ आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला काय पडलंय." मीही मग आठवडाभर तोंड उघडलं नाही. दोघंही तसलेच. एकदा रुसलो की आधी कोण बोलणार यावर महिना घालवणारे. आणि आमच्याकडे महिने फार नव्हते.

सोमवारी मी तळघरातून ट्रेसिंगचा पातळ कागद आणला आणि हिच्या स्क्रीनवर चिकटवला. एकेक शीट, ही काम करायची त्याच मापात, उघडत गेलो आणि जिथे कोपरा राहिला होता तिथे वरच्या कागदावर पेनाने खूण केली. घड्याळबाई म्हणाल्या, "काच पुसायला घेतलीत की काय?" मी पुढची खूण केली.

एकोणीस खुणा झाल्या. दोन इकडेतिकडे होत्या. बाकी सतरा खाली उजव्या बाजूला दाटीवाटीने. मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो आणि तेवढ्यात कागदाच्या मागून हिरवा उजेड आला. अंगठा उगवला. सतराच्या सतरा खुणा त्याच्या चौकटीत होत्या. त्याच्या दातांवर पडलेल्या.

इथे आमच्या जुन्या कामाबद्दल सांगायला हवं. कॉम्प्युटर यायच्या आधी आम्ही दोघं सुईने टोचून नक्कल काढायचो. खाली कोरा कागद, वर मूळ शीट, आणि प्रत्येक कोपऱ्यावर सुई टोचायची. मग भोकं जोडायची. त्यात हाताला एक सवय लागते. बोट या कोपऱ्यावर टोचत असतं तेव्हा डोळा पुढच्या कोपऱ्यावर गेलेला असतो. टोचलं म्हणजे भोक पडलंच, मागे वळून बघायचं कारणच नाही. ही तोंडाने मोजायची. सुई गेली, मोजलं, पुढे. माऊस आला तरी हिने तसंच चालू ठेवलं. टक वाजलं की तिच्या हिशेबी ठिपका पडला. नंतर आलेल्या पोरापोरींना सुई माहीत नाही. ते स्क्रीनकडे बघतात, क्लिक वाया गेली की एक शिवी देतात आणि परत दाबतात. तिची क्लिक त्या अंगठ्याने खाल्ली आणि तिला कळलंसुद्धा नाही. तिचा डोळा पुढे गेलेला होता. ती चांगली कारागीर होती म्हणूनच चुकली.

आमच्या ऑफिसची सगळी यंत्रं एक बाई बघते. गळ्यात कायम कुठली ना कुठली वायर, म्हणून वायर मॅडम. मी तिला कागद दाखवला. तिने तो उन्हात धरावा तसा धरून बघितला.

"काका, हे मी साहेबांना दीड वर्षापूर्वीच लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "ही चौकट माऊसच्या वाटेत येते म्हणून."

"मग?"

"म्हणाले, वाटेत आली तरच लक्ष जाईल ना."

"हे सिद्ध करता येईल?" मी विचारलं.

"येईल. ठिपका कधी पडला त्याची वेळ असते. चौकट कधी दिसली आणि कधी वाचली, तीही वेळ असते. दोन्ही शेजारी ठेवायच्या. उद्या देते."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बुधवारी मीच तिच्या खोलीत गेलो. खोलीभर उघडी यंत्रं पडलेली. तिने मला स्टूल दिलं आणि स्वतः उभीच राहिली.

"सतराच्या सतरा जुळतात," ती म्हणाली. "कोपरा सुटला त्याच सेकंदाला चौकट आलेली आहे, आणि अर्ध्या सेकंदात वाचलं म्हणून नोंद आहे. अर्ध्या सेकंदात कोण काय वाचणार? तुमचं म्हणणं खरंय."

"मग काल का नाही सांगितलंस?"

ती गळ्यातली वायर बोटाला गुंडाळत राहिली. "काका, सहीला नकार द्यायला एवढं पुरे आहे ना? चौकटीत काय होतं ते कशाला बघायचं?"

"शाबास होतं. अजून काय असणार?"

"सहा शाबास होती," ती म्हणाली.

मी विचारलं, "आणि अकरा?"

तिने कागद माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

अकरा माझे होते. तारीख, वेळ, पाठवणारा तळघर. अगं, गोळी घेतलीस का. चहा पाठवू का वर. आज दम लागतोय का, लवकर निघूया. डॉक्टरांची वेळ साडेचार, चारला फाटकाशी ये. प्रत्येकापुढे लिहिलेलं: दिसला, आणि अर्ध्या सेकंदाने, वाचला. विहिरीच्या शीटसमोर होतं: स्वेटर खालीच राहिलाय, पाठवू का.

मी तो कागद दोनदा वाचला. माझे निरोप वर कसे पोचतात हे मी कधी बघितलंच नव्हतं. तळघरातल्या मशीनवर फक्त एक ओळ टंकायची आणि बटण दाबायचं. मला वाटायचं, ते तिच्या टेबलावर चिठ्ठीसारखे जाऊन पडत असतील. ते तिच्या हाताखाली जाऊन उभे राहत होते. मीच तिथे हिरव्या चौकटीतून डोकं बाहेर काढत होतो आणि तिचे कोपरे खात होतो. तो दात काढणारा अंगठा आणि मी, एकाच जागी. आणि ज्यासाठी काढत होतो ते तिला दिसतही नव्हतं.

"बाकीचे?" मी विचारलं. "मी दीडदोनशे तरी पाठवले असतील."

"सगळे तसेच," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "बाकीच्यांनी कोपरा नाही खाल्ला एवढंच. कुठल्याशा सरळ रेघेवरची नाहीतर रिकाम्या जागेवरची क्लिक खाल्ली. एकही एका सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडा नव्हता. वाचलेल्यांची यादी असते, पण ती शाबासांनी भरलेली. कोण उघडतंय?"

"तिने एकही वाचला नाही."

"नाही, काका."

ती यंत्रं उघडीवाघडी पडली होती, आतल्या वायरी लोंबत होत्या, आणि मला त्या सगळ्यांवर थुंकावंसं वाटत होतं. नंतर वाटलं, आपल्यावर कोण थुंकणार.

"हे रिपोर्टला जोडायचं तर पूर्ण जोडावं लागेल," वायर मॅडम शेवटी म्हणाली. "फक्त शाबासचे सहा दाखवले तर बाकीचे अकरा काकूंच्याच नावावर राहतील. सगळे दाखवले तर निरोप सगळ्यांसमोर येतील."

"येऊ देत," मी म्हणालो.

शुक्रवारी तपासणीस बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. हॉलमध्येच दोन टेबलं जोडून बैठक झाली. रोपवाटिकावाली बाईही भिंतीशी बसली होती. पण तिला कामगाराला खत द्यायचा निरोप सांगायचा होता, त्यामुळे ती मधूनमधून फोन घेऊन बाहेर जात होती. साहेबांनी रिपोर्ट वाचला. एकाग्रतेअभावी हा शब्द त्यांनी फार हळुवार वाचला. मग माझ्यापुढे पेन ठेवलं.

मी पेनाला हात लावला नाही. ट्रेसिंगचा कागद टेबलावर पसरला आणि जे होतं ते सांगितलं. सुईचं, चौकटीचं, अर्ध्या सेकंदाचं. वायर मॅडमने वेळा दाखवल्या. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग कागद खाली-वर वाचून त्यांना वाट सापडली.

"म्हणजे अकरा चुका यांच्या निरोपांमुळे झाल्या," ते म्हणाले. "ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या यंत्रणेवर घरगुती गप्पा. मग यंत्रणेचा काय दोष?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "माझं नाव लिहा. तिचं काढा."

तपासणीस बाईंनी चष्मा वर केला. "कसले निरोप?"

"वाचून दाखवतो."

"गरज नाही," साहेब घाईने म्हणाले.

"आहे," बाई म्हणाल्या.

मी अकराही वाचले. वाचायला एक मिनिट लागलं असेल. गोळी, चहा, दम, स्वेटर. माझा आवाज एकदाही बसला नाही याचं मलाच नवल वाटलं. ज्या हॉलमध्ये मी तिच्यावर ओरडलो होतो त्याच हॉलमध्ये उभं राहून मी ते वाचत होतो. ऐकायला ती सोडून सगळे होते. घड्याळबाईंनी पदराने नाही, ड्रॉवरातल्या फडक्याने डोळे पुसले.

"आणि हे सहा?" तपासणीस बाईंनी विचारलं.

"ते शाबास."

"कशाबद्दल?"

"पन्नास ठिपके पूर्ण झाल्याबद्दल."

"एक्कावन्नावा गिळून?" त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "हे बंद करता येत नाही का?"

"कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढतो, मॅडम."

हॉलमधून कुणीतरी नाकातून आवाज काढला. बाईंनी वायर मॅडमला विचारलं, काय करता येईल. ती म्हणाली, "चौकट वरच्या पट्टीत नेते. आल्यापासून दोन सेकंद तिच्यावरची क्लिक तिला लागणारच नाही, आरपार खालच्या नकाशावर पडेल. आणि फुलीचं बटण दाबल्याशिवाय वाचलं म्हणायचं नाही."

"किती दिवस लागतील?"

"दहा मिनिटं."

ती हिच्या खुर्चीवर बसली आणि तिने ते करून दाखवलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. नऊ मिनिटं लागली. दीड वर्ष हे नऊ मिनिटांचं काम कुणी करू दिलं नव्हतं, कारण वाटेत आलं तरच लक्ष जातं. त्या नऊ मिनिटांची जेवढी किळस आली तेवढी मला आयुष्यात कशाची आली नाही.

नंतर सगळ्यांची शीटं तपासली. प्रत्येकाच्या नावावर थोडे थोडे सुटलेले कोपरे निघाले. रिपोर्ट बदलला. हिच्या नावावर दोनच चुका राहिल्या, चौकटीबाहेरच्या त्या दोन. साहेब मोठं मन करून म्हणाले, त्याही काढून टाकू. मी म्हणालो, राहू देत. त्या तिच्याच होत्या. तिने स्वतःच मोजून कबूल केल्या असत्या.

बैठक झाली त्याच संध्याकाळी मेहुणीकडे गेलो. स्वेटर बरोबर नेला. दारातच तिला कागद दिला. तिने चष्मा शोधला, उभ्याउभ्या वाचला, मग खाली बसली.

"म्हणजे तुम्ही विचारत होतात," ती म्हणाली.

"हो."

"आणि तिला कळलंच नाही."

"नाही."

"मग ती गेली ती तसंच समजून, भाऊजी?"

"हो," मी म्हणालो. "तसंच समजून."

तिने स्वेटरची घडी घातली, उलगडली, परत घातली. चहा ठेवला. आम्ही दोघांनी तो प्यायला.

सोमवारी चुकलेले कोपरे दुरुस्त करायचं काम मी मागून घेतलं. पहिलं शीट विहिरीचं. मी हिच्यासारखं तोंडाने मोजत गेलो. नाकाच्या शेंड्यावर बाण नेला तेव्हा वरच्या पट्टीत अंगठा आला. साहेबांनी तो काढला नव्हताच. तो तिथून दात काढत होता. मी खाली बोट दाबलं. ठिपका पडला. तरीही मी मागे वळून तो पाहिला, मग पुढे गेलो.

दुपारी रोपवाटिकावाली बाई नवा नकाशा घ्यायला आली. बुटांना तोच चिखल. तिने बोटाने हद्दीवरून हळूहळू फिरत नाक तपासलं, विहीर तपासली. मग नकाशा गुंडाळला.

"वीस दिवस कुलूप होतं. अर्धी रोपं मेली माझी," ती म्हणाली. "त्या दिवशी मी फोनवर होते, मला शेवटपर्यंत कळलं नाही. हे कुणी चुकवलं होतं?"

घड्याळबाईंनी मान वर केली. त्या काहीतरी सांगणार होत्या, यंत्राचं, चौकटीचं, साहेबांचं.

"मी," मी म्हणालो.

बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पायाला काहीतरी घाण लागावी तसं.

"नीट बघून काम करायला काय होतं तुम्हाला?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. ती गेली. फरशीवर तिच्या बुटांचा चिखल राहिला होता. मी फडकं आणलं, तो पुसला आणि पुढचं शीट उघडलं.